तळ्याचं पाणी वाचणारे मास्तर



आजचा भाग एका विशिष्ट प्रकारच्या माणसाबद्दल आहे. हा माणूस आयुष्यभर जीवशास्त्र शिकवतो आणि शिकवता शिकवता पाण्याच्या मागे लागतो. पाणी तपासायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते, काचेच्या नळ्या येतात आणि शेवटी आकड्यांनी भरलेला कागद येतो. म्हणजे काम रसायनशास्त्राचं. मग बेडूक, पेशी आणि परागीभवन शिकवणाऱ्या मास्तरांचा इथे काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. आपण पितो ते पाणी, आपल्या घराशेजारचं तळं आणि आपल्या मुलांना शाळेत मिळणारं विज्ञान, या तिन्ही गोष्टी त्या एका माणसापाशी येऊन मिळतात.

मी बोलतोय बंगळुरूच्या के. आर. पुरममधून. म्हणजे कृष्णराजपुरम. पुण्या-मुंबईहून इथे नोकरीला आलेल्या मुलांना हे ठिकाण टिन फॅक्टरीचा ट्रॅफिक जॅम, झुलता पूल आणि रेल्वे स्टेशन एवढ्यावरूनच ठाऊक असतं. २००७ पर्यंत ही वेगळी नगरपालिका होती, मग महानगरात विलीन झाली. जुन्या मद्रास रोडला लागून वेंगय्यनकेरे आहे, पुढे गेलं की येले मल्लप्पा शेट्टी तळं. ‘केरे’ म्हणजे कन्नडमध्ये तळं. ही तळी निसर्गाने दिलेली नाहीत. पावसाचं पाणी अडवायला माणसांनी बांध घालून ती तयार केली. एक भरलं की सांडव्यावरून पाणी खालच्या तळ्यात जाणार, अशी त्यांची साखळी होती. साखळी आजही आहे. तिच्यातून वाहणारं पाणी मात्र पावसाचं कमी आणि आपल्या मोऱ्यांचं जास्त आहे.

मालवणचे आघारकर मास्तर

सुरुवात एका मराठी माणसापासून करू. शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म १८८४, गाव मालवण. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे. पुस्तकात आहे तेवढंच शिकवून थांबायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते सह्याद्रीत भटकायचे, वनस्पती गोळा करायचे, ओढ्या-नद्यांच्या पाण्यात डोकावायचे. १९११ च्या सुमारास साताऱ्याच्या डोंगराळ भागात, कोयनेच्या खोऱ्यात, त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. जेलीफिश आपल्याला समुद्रातला ठाऊक. कोकणातला माणूस तर त्याला लांबूनच ओळखतो. पण हा प्राणी होता गोड्या पाण्यातला, आकाराने लहानसा, आणि त्याचा हा वंश तोपर्यंत आफ्रिकेतल्या पाण्यांत माहीत होता. भारतीय संग्रहालयाच्या ॲनंडेल साहेबांनी त्याला नाव दिलं लिम्नोक्नीडा इंडिका.

या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते असं. त्या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या माणसं पाणी भरत होती, गुरं धूत होती, मासे धरत होती. जगाला तो जीव कळला तो मात्र एका शिक्षकाने थांबून, वाकून पाण्यात पाहिलं तेव्हा. आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. तीच संस्था १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. विधी महाविद्यालय रस्त्यावरून जाताना तुम्ही ती पाटी वाचली असेल. या संस्थेचा आणि बंगळुरूचा पाण्याच्या बाबतीत एक धागा आहे, त्याकडे थोड्या वेळाने येतो.

रिपोर्ट एका क्षणाचा, किडे सहा महिन्यांचे

आता मूळ प्रश्न. रसायनांची चाचणी असताना जीवजंतू कशाला पाहायचे?

पाण्याचा नमुना बाटलीत भरला की त्या क्षणाचं पाणी हाती येतं. समजा एखादा कारखाना रात्री दोन वाजता घाण सोडतो आणि तपासणीस सकाळी अकराला येतो. बाटलीत काय सापडणार? पण त्या तळाशी राहणाऱ्या किड्याला अकराला यायची आणि बाराला जायची सोय नसते. तो तिथेच जन्मतो आणि महिनोन्‌महिने तिथेच वाढतो. रात्री दोनला जे आलं ते त्याने सोसलेलं असतं. सोसवलं नाही तर तो मेलेला असतो. त्यामुळे कोण जिवंत आहे आणि कोण दिसेनासं झालं, हे पाहिलं की पाण्याचा मागचा इतिहास कळतो. रिपोर्ट हा फोटो असेल, तर किडे म्हणजे हजेरीपट.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी १९०८-०९ मध्येच यादी मांडली होती, की घाण पाण्यात कोणत्या वनस्पती आणि प्राणी राहतात आणि पाणी सुधारत जातं तसे कोण परत येतात. पुढे ब्रिटनमध्ये किड्यांच्या कुळांना गुण देण्याची पद्धत आली. मेफ्लाय नावाचा एक नाजूक कीटक आहे, त्याची पिल्लं पाण्याखाली दगडांना चिकटून राहतात. त्याच्या काही कुळांना दहापैकी दहा गुण, कारण त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. लाल रंगाच्या रक्तकिड्यांना दोन गुण. गांडुळाच्या जातीतल्या बारीक कृमींना एक. शेवटच्या दोघांना तुम्ही पाहिलंय. फिशटँकच्या दुकानात माशांचं खाणं म्हणून जे मिळतं तेच हे ‘ब्लडवर्म’ आणि ‘ट्युबिफेक्स’.

रक्तकिडा लाल का, हे जीवशास्त्राचे मास्तर एका वाक्यात सांगतील. त्याच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे अगदी थोडा प्राणवायू असला तरी तो धरून ठेवता येतो. आणखी एक अळी असते, तिला उंदराच्या शेपटीसारखी लांब नळी असते. ती घाणीत बुडून राहते आणि नळीचं टोक पाण्याबाहेर काढून श्वास घेते, आपल्या पाणबुड्याच्या स्नॉर्केलसारखी. एखाद्या तळ्यात फक्त या दोन-तीन जाती लाखांनी असतील आणि बाकी कोणी नसेल, तर पाण्यात प्राणवायू नाही हे सांगायला यंत्र लागत नाही.

प्राणवायूचंच थोडं पुढे नेतो, कारण सगळा खेळ तिथे आहे. वीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तीस अंशांना साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात आधीच कमी. मासे तगायला साधारण ४ मिलिग्रॅम हवा, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मत्स्यपालनाच्या पाण्यासाठी हाच आकडा ठेवलाय. आता या पाण्यात सांडपाणी आलं की जिवाणूंची पंगत बसते. ते घाण खातात आणि खाताना प्राणवायू संपवतात. किती संपवतील, त्या मापाला बीओडी म्हणतात. आंघोळीच्या पाण्याला तो ३ पेक्षा जास्त नसावा. कच्च्या सांडपाण्यात तो २०० च्या आसपास असतो.

त्यात शेवाळाची गंमत आहे. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं. दुपारी उन्हात ते प्राणवायू सोडतं, तेव्हा मोजलं तर आकडा झकास येतो. रात्री तेच शेवाळ श्वास घेतं आणि पहाटेपर्यंत सगळा प्राणवायू खाऊन टाकतं. म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे. मार्च २०१६ मध्ये इथल्या हलसूर तळ्यात, म्हणजे मद्रास सॅपर्सच्या केंद्राला लागून असलेल्या तळ्यात, मेलेल्या माशांचा थर तरंगताना दिसला होता. सांडपाणी आणि घटलेला प्राणवायू हेच कारण पुढे आलं. फौजेत आम्ही पहाटे ‘स्टँड टू’ करायचो, कारण हल्ल्याची वेळ तीच. तळ्याचं खरं दुखणंसुद्धा त्याच वेळी दिसतं. तपासणी दुपारी दोनला झाली की पहाटे पाचला, हे रिपोर्टवर आधी बघा आणि मग आकडा वाचा.

काचेच्या करंड्यांतलं शेवाळ

आता तो धागा. पाण्यात एक अतिसूक्ष्म शेवाळ असतं, डायाटम. मराठीत त्यांना करंडक वनस्पती असंही म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. कुंकवाच्या करंड्यासारखं त्यांचं घर दोन भागांचं, खाली डबी आणि वर झाकण. हे घर सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं. त्यावर प्रत्येक जातीची वेगळी नक्षी. आतला जीव मेला तरी करंडा टिकतो, गाळात शेकडो वर्षं पडून राहतो.

कोणत्या जातीला स्वच्छ पाणी लागतं, कोणती क्षारात वाढते, कोणती सांडपाण्यात माजते हे ठाऊक असलं, की दगडावरचा बुळबुळीत थर ब्रशने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि पाण्याची प्रत सांगायची. अमेरिकेत रूथ पॅट्रिक या जीवशास्त्रज्ञ बाईंनी १९४८ मध्ये कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्यात या प्रकारचं काम उभं केलं आणि कारखानदारांनाही त्याची दखल घ्यावी लागली.

आपल्याकडे पश्चिम घाटातल्या ओढ्यांच्या डायाटमांवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम झालं. तिथे प्रा. टी. व्ही. रामचंद्र यांच्या गटाने शहरातली तळी वर्षानुवर्षं तपासली आहेत, आणि त्या कामात शाळा-कॉलेजातल्या मुलांनाही ओढलंय. त्याच गटात डायाटमांवर काम केलेले डॉ. कार्तिक बालसुब्रमण्यन पुढे पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले. द्वीपकल्पीय भारतातल्या डायाटमांची चित्रमय ओळख करून देणारं पुस्तक त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर २०१३ मध्ये काढलं. म्हणजे बघा, मालवणच्या मास्तरांनी शंभर वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या नदीत डोकावून पाहिलं, आणि त्यांच्या नावाच्या संस्थेत आज सह्याद्रीच्या ओढ्यांतले करंडे उघडून पाहतायत.

फौजेतला डबा

आता थोडं माझ्या पेशाचं. युद्धाच्या इतिहासात गोळीने जेवढी माणसं मेली, त्याहून जास्त कॉलरा, टायफॉइड आणि हगवणीने मेली. त्यामुळे पाणी हा फौजेत शिस्तीचा विषय आहे. वॉटर पॉइंट ठरलेला, पहारा ठरलेला, आणि पाण्यात ब्लीचिंग पावडर किती घालायची ते ठरवायला एक डबा, हॉरॉक्सचा डबा. ब्रिटिश फौजेतल्या विल्यम हॉरॉक्स या डॉक्टराने तो तयार केला. दुसऱ्या महायुद्धातले जनरल ब्रायन हॉरॉक्स हे त्यांचेच चिरंजीव, जन्म आपल्या रानीखेतचा.

डब्यात सहा पांढरे कप आणि एक काळा. काळ्या कपात दोन ग्रॅमचा एक चमचा ब्लीचिंग पावडर कालवून खुणेपर्यंत पाणी भरायचं, ते झालं मूळ द्रावण. पांढऱ्या कपांत तपासायचं पाणी. पहिल्या कपात द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या कपात सगळ्यात आधी ठळक निळा रंग दिसेल त्याचा नंबर पाहायचा. तिसरा कप निळा झाला तर ४५५ लिटर, म्हणजे जुन्या १०० गॅलन पाण्याला तीन चमचे पावडर. बस्स. सातवी शिकलेला जवानसुद्धा पाच मिनिटांत शिकतो.

यातलं शास्त्र असं. पाण्यात जितकी घाण जास्त तितकं क्लोरीन आधी घाणीतच खर्च होतं. जंतू मारायला उरेल इतकं घातलं तरच उपयोग. म्हणून ‘टाकीत मूठभर पावडर टाकली’ या वाक्याला अर्थ नाही. कोणत्या पाण्यात, किती, आणि अर्ध्या तासाने किती उरलं, हे विचारायला हवं.

दुसरं उदाहरण त्याहून जवळचं. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव या तिघांनी १९८२ मध्ये एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीत एक औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबेला ठेवायचं. विष्ठेबरोबर येणारे जिवाणू पाण्यात असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि पट्टीतल्या लोहक्षारामुळे पाणी काळं पडतं. बारा ते अठरा तासांत उत्तर. याला एच-टू-एस बाटली म्हणतात. आज गावोगावी पाणी तपासायच्या पेट्यांतून ती दिसते. तिची मर्यादाही सांगतो. ती फक्त होय किंवा नाही सांगते, किती ते सांगत नाही, आणि क्वचित दुसऱ्या जिवाणूंनीही काळी पडते. पण पहिला इशारा म्हणून तिच्याइतकं स्वस्त दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

आमच्या सोसायटीतल्या बाई

आता हे सगळं घरच्या दारात कसं येतं ते सांगतो.

आमच्या सोसायटीत बेळगावकडच्या एक निवृत्त प्राध्यापिका राहतात. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आणि मध्ये काही वर्षं नदीच्या पाण्यातले कीटक मोजण्यात घालवली. सगळे त्यांना बाईच म्हणतात, मीही. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूत पाण्याची बोंब झाली, हे तुम्ही बातम्यांत पाहिलंच. बोअर आटले, दिवसाला टँकर येऊ लागले. त्या दिवसांत चार-पाच घरांत मुलांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांचं बोट टँकरवाल्याकडे. कमिटीने टीडीएस मीटर काढला, आकडा ठीक आला, म्हणून पाणी ठीक असं जाहीर झालं.

बाई मला म्हणाल्या, “कर्नलसाहेब, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जंतू काही विरघळत नाहीत. त्या मीटरला ते दिसणारच नाहीत.” मग त्यांनी चार बाटल्या आणल्या. एक टँकरच्या नळीतून भरली, एक जमिनीखालच्या टाकीतून, एक गच्चीवरच्या टाकीतून, एक स्वयंपाकघरातल्या नळातून. वर चिकटपट्टीवर ठिकाण आणि वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर टँकरची बाटली जशीच्या तशी, बाकीच्या तिन्ही काळ्या. म्हणजे दोष बाहेरून आलेला नव्हता. जमिनीखालच्या टाकीशेजारी ड्रेनेजचा चेंबर होता, दोन्हींमधल्या भिंतीला तडा गेला होता. टीडीएस मात्र चारी ठिकाणी जवळपास सारखाच होता.

पुढचा भाग कमी आनंदाचा. कमिटीतल्या काहींना हे नोटीस बोर्डावर नको होतं. भाडेकरू सोडून जातील, फ्लॅटची किंमत पडेल. दोन दिवस त्यात गेले, आणि त्या दोन दिवसांत आणखी एक मूल सलाईनवर होतं. शेवटी बाईंनी चार बाटल्यांचा फोटो आणि खाली तीन ओळी सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर टाकल्या. कोणावर आरोप नाही, कुठे काय आढळलं आणि काय करायचं, एवढंच. त्या संध्याकाळी टाकी उपसायला माणसं आली. तडा बुजवला, टाकी धुतली, मोजून क्लोरीन घातलं. नंतरच्या बाटल्या स्वच्छ राहिल्या.

ती कमिटी वाईट माणसांची नव्हती. त्यांना आकडा दिसत होता, पाणी दिसत नव्हतं. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकात टीडीएसला ५०० ची मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सवलत आहे. ई. कोलाय या जिवाणूला मात्र सवलत नाही. १०० मिलिलिटरमध्ये तो आढळताच कामा नये. कोणत्या गोष्टीत तडजोड चालते आणि कोणत्या नाही, हे मानकातच लिहिलंय. घरोघरी फिरणारे फिल्टरचे विक्रेते पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडतात आणि पाणी तपकिरी झालं की ‘बघा घाण’ म्हणतात. तो रंग बहुतेक त्या सळीच्याच लोखंडाचा गंज असतो. हे दहावीच्या पोराला ओळखता यायला हवं.

फेस, आग आणि कोलार

आता भिंतीबाहेर जाऊ. आमच्यापासून काही किलोमीटरवर बेळ्ळंदूर तळं. सुमारे ९०० एकर. मे २०१५ मध्ये त्याच्या फेसाला आग लागली, तेव्हा जगभर फोटो गेले. १९ जानेवारी २०१८ ला काठावरचं गवत आणि तण पेटलं, तेव्हा शेजारच्या एएससी सेंटरचे जवान विझवायला उतरले. वर्तमानपत्रांनी सुमारे ५,००० हा आकडा दिला होता. पाण्याच्या तळ्याची आग विझवायला पलटणी लागल्या, हे वाक्य मला आजही बोचतं.

फेस कसा होतो? आपल्या कपड्यांच्या आणि भांड्यांच्या साबणातलं रसायन एरवी जिवाणू खाऊन टाकतात, पण त्यांना प्राणवायू लागतो. तळ्यात तो नसतो, म्हणून साबण तळाच्या गाळाला चिकटून साठत जातो. विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं, की मोठा पाऊस आला की गाळ ढवळतो, साबण सुटतो, आणि गाळातले जिवाणू त्या फेसाला घट्टपणा देतात. सांडव्यावरून पाणी पडलं की ताक घुसळल्यासारखा फेस वर येतो. पुन्हा बघा, रसायनाच्या गोष्टीत मधली भूमिका जीवाची आहे.

हे पाणी इथेच थांबत नाही. बेळ्ळंदूरहून वर्तूर, तिथून दक्षिण पिनाकिनी नदी, आणि तिथून तमिळनाडू. होसूरजवळच्या केलवरपळ्ळी धरणातही फेस दिसतो. २०१८ पासून बंगळुरूचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोलार जिल्ह्यातल्या तळ्यांत सोडलं जातंय, नियोजन दिवसाला ४४ कोटी लिटरचं. हेतू चांगला आहे, कोलारचं भूजल खूप खोल गेलंय. पण त्याच वर्षी जुलैत तिथल्या लक्ष्मीसागर तळ्यात फेस आला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, काही काळ पाणी थांबलं आणि पुढे पुन्हा सुरू झालं. प्रक्रियेचा तिसरा टप्पा हवा की नको, यावर अजून वाद आहे. विहिरी भरल्या म्हणून खूश असलेला शेतकरी तिथे आहे आणि त्याच पाण्याची भीती वाटणाराही आहे. दोघांनाही आपल्या तळ्यात काय चाललंय ते स्वतः वाचता आलं, तर वाद निदान माहितीवर होईल.

शाळेत काय चालतं

इथे दुसऱ्या एका मराठी जीवशास्त्रज्ञाचं नाव घ्यायला हवं. पुण्याचे माधव गाडगीळ तीन दशकं बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत होते, तिथलं परिस्थितिकी शास्त्राचं केंद्र त्यांनी उभं केलं. पश्चिम घाटातल्या कॉलेजांच्या प्राध्यापकांना बरोबर घेऊन त्यांनी जैवविविधतेच्या नोंदींचं जाळं विणलं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी ‘परिसर आणि शिक्षण’ या विषयावर जो गट नेमला होता त्याचे ते अध्यक्ष होते. त्या गटाचं सांगणं थोडक्यात असं, की मुलांनी पर्यावरण पाठ करू नये. आपल्या गावच्या पाण्याची, झाडांची, पिकांची नोंद करावी, आणि ती नोंद सगळ्यांना पाहता यावी. म्हणजे शाळेचा अभ्यास गावाच्या कामाला येईल.

प्रत्यक्षात काय होतं? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पर्यावरण विषय सक्तीचा झाला आणि थर्मोकोलच्या जलचक्राला मागणी आली. मूल ‘जलप्रदूषणाची पाच कारणे’ लिहून पाच गुण घेतं आणि घरी जाताना नाक दाबून तळ्यावरून जातं. म्हणून ज्या शिक्षकाने स्वतः पाणी तपासलंय त्याला मोल आहे. पुस्तकातलं बीओडी त्याच्या तोंडी आलं की त्याला वास असतो.

आपण काय करायचं

तुमच्या गावात किंवा वस्तीत एक तरी निवृत्त जीवशास्त्राचे शिक्षक असतील. महाराष्ट्र मंडळ असेल तर तिथे नक्कीच असतील. त्यांना चहाला बोलवा आणि एवढं सुरू करा.

एक: तळ्याची एक जागा ठरवा आणि महिन्यातून एकदा, सूर्योदयाच्या वेळी, तिथेच जा. तापमान, रंग, वास आणि पक्षी वहीत लिहा. जागा आणि वेळ बदलली तर तुलना संपली.

दोन: वीस सेंटिमीटरची एक ताटली घ्या, चार चतकोर करून आलटून पालटून काळी-पांढरी रंगवा, दोरीला बांधून घाटावरून पाण्यात सोडा. दिसेनाशी होते ती खोली लिहा. १८६५ मध्ये सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने काढलेली ही युक्ती आजही शास्त्रज्ञ वापरतात.

तीन: काठाजवळचा थोडा गाळ गाळणीने धुऊन पांढऱ्या ट्रेमध्ये पसरा. मेफ्लायची पिल्लं आहेत का, चतुर-टाचणीची पिल्लं आहेत का, की फक्त रक्तकिडे आणि कृमी? तीन रकाने पुरेत.

चार: पिण्याच्या पाण्यासाठी एच-टू-एस बाटली. टाकीपासून नळापर्यंत प्रत्येक टप्प्यावर एक. काळी पडली तर पाणी खळखळून उकळा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना पाठवा. काळी बाटली उघडून वास घेऊ नका, त्यात ब्लीचिंग पावडर घालूनच फेका.

पाच: सुरक्षितता. हातमोजे हवेत, मुलं पाण्यात उतरणार नाहीत, आणि फेसाजवळ कोणी जाणार नाही. यात सूट नाही.

आणि सहा: जे सापडेल ते लिहून लावा. चांगलं असेल तेही आणि वाईट असेल तेही. वही कपाटात ठेवली तर किडे मोजायचा छंद झाला. फळ्यावर लावली तर ती गावाची राखण होते.

वर्षभर बारा नोंदी झाल्या की तुमच्याकडे असं काहीतरी असेल जे बहुधा तुमच्या वॉर्ड ऑफिसातही नसेल. मग अर्ज करताना ‘पाणी घाण आहे’ असं लिहावं लागत नाही. ‘मार्चपर्यंत इथे टाचणीची पिल्लं होती, एप्रिलपासून नाहीत, आणि वरच्या अंगाला अमुक नाला एप्रिलमध्येच जोडला गेला’ असं लिहिता येतं. अशा अर्जाला उत्तर देणं भाग पडतं.

पुढच्या भागात सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रात नेमकं काय होतं, दुसरा टप्पा आणि तिसरा टप्पा म्हणजे काय, ते बघू. तोपर्यंत तुमच्या वहीचं पहिलं पान भरलं असेल तर मला जरूर कळवा.

जय हिंद.